छातीतले पाणी आणि बॉयलरची दोरी



या महिन्यात रमजानमधल्या आहाराबद्दल लिहायचे ठरले होते. तो विषय पुढच्या अंकात घेऊ. दिग्रसहून एका वाचक भगिनीचा फोन आला आणि नंतरचे पंधरा दिवस तिचे आणि माझे रोज बोलणे होत राहिले. तिच्या परवानगीने ते इथे मांडते आहे. घर ओळखू येईल अशा दोन-तीन गोष्टी बदलल्या आहेत.

“बाजी, अब्बांच्या छातीत तिसऱ्यांदा पाणी झालं. नागपूरहून तुकड्याचा रिपोर्ट आला. त्यावर भलंमोठं नाव आहे. टीबी नाही म्हणतात. मग सहा महिने आम्ही टीबीच्या गोळ्या कशाला दिल्या?”

नाव तिने अक्षर-अक्षर वाचून दाखवले. एपिथेलिऑइड मेसोथेलिओमा. छातीच्या वॉर्डात मी तेवीस वर्षे सिस्टर होते. एवढ्या वर्षांत हे नाव केसपेपरवर फार तर चार-पाच वेळा पाहिले असेल. आजार दुर्मीळ आहे म्हणूनच लवकर ओळखू येत नाही, आणि ओळखू येतो तेव्हा घरातल्या माणसांना त्याबद्दल काहीच माहिती नसते.

आधी पाण्याचे सांगते. आपल्या फुप्फुसावर कांद्याच्या पापुद्र्यासारखे दोन पातळ पदर असतात. एक फुप्फुसाला चिकटलेला, दुसरा बरगड्यांना आतून. मध्ये ओलाव्यापुरते थोडेसे पाणी असते, त्यामुळे श्वास घेताना पदर एकमेकांवर सहज सरकतात. या पदराला आजार झाला की पाणी साचू लागते, कधी दोन-दोन लिटर. फुप्फुस दबते, जिना चढताना धाप लागते, एका कुशीवर झोपता येत नाही. आपल्याकडे छातीत पाणी झालेला माणूस आला की डॉक्टरांच्या मनात पहिल्यांदा टीबी येतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असते. त्यामुळे दिग्रसच्या या घराला ज्या खासगी दवाखान्यात गोळ्या सुरू करून दिल्या, त्या डॉक्टरांना मी मूर्ख म्हणणार नाही. चूक पुढे झाली. दोन महिन्यांनी पाणी पुन्हा भरले, वजन सात किलोने उतरले, उजव्या बरगडीत सतत ठणका लागला, तरी गोळ्या त्याच चालू राहिल्या. पाण्यात टीबीचे जंतू सापडले होते का, कॅन्सरच्या पेशी पाहिल्या होत्या का, हे कुणी विचारले नाही. आणि सर्वात साधा प्रश्न कुणी केला नाही, की चाचा, तुम्ही आयुष्यभर काम काय केले?

तो मी फोनवर केला.

“जिनात होते.”

“कापसात?”

“नाही बाजी, जिनाला लागून सरकीच्या तेलाची मिल होती ना, तिथल्या बॉयलरवर. फायरमन. वीस वर्षं.”

बॉयलर म्हटल्यावर मला पुढचे विचारायची गरज नव्हती, तरी विचारले. तिथे पांढरी दोरी असायची का, दिव्याच्या जाड वातीसारखी? हो म्हणाली. झाकणाच्या फटीत, पाइपच्या सांध्यांत ती ठोकून बसवायचे. पाइपांवर पांढरा लेप असायचा, तो हातानेच कालवायचे. जुना झाला की हातोडीने फोडून काढायचे, तेव्हा पीठ उडाल्यासारखे व्हायचे. “अब्बा दोरीचे तुकडे घरी पण आणायचे. जळत नाही म्हणून अम्मीने त्याची चुंबळ केली होती, गरम पातेलं ठेवायला. अजून आहे ती.”

ही दोरी आणि तो लेप अस्बेस्टॉसचा. अस्बेस्टॉस म्हणजे दगडच, पण कापसासारखा पिंजता येणारा. आगीत जळत नाही, वाफेला दाद देत नाही, म्हणून जिथे वाफ आली तिथे तो आला. आपल्या यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतलेला १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेले वाफेचे इंजिन होते, ते १९९४ पर्यंत धावले. तसल्या इंजिनांच्या बॉयलरवरही त्या काळी जगभर याच दगडाचा लेप देत. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. श्वासाबरोबर खोल जातात, त्यातले काही फुप्फुसाच्या पदरापर्यंत पोहोचतात आणि तिथेच राहतात. त्यानंतर वीस, तीस, चाळीस वर्षे काहीही होत नाही. माणूस निवृत्त होतो, मुलींची लग्ने करतो, हजचे पैसे साठवतो आणि मग एके दिवशी धाप लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने अस्बेस्टॉसचे सगळे प्रकार, पांढरा, तपकिरी आणि निळा, माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहेत. साठहून जास्त देशांनी त्यावर बंदी घातली. आपल्याकडे पांढरा अस्बेस्टॉस परदेशातून येतो आणि त्याचे सिमेंटचे पत्रे होतात.

अम्मी म्हणत होत्या की कुणाची तरी नजर लागली. तुर्कस्तानात कापादोकिया नावाच्या भागात कराइन आणि तुझकॉय ही मुसलमान शेतकऱ्यांची गावे आहेत. तिथे एकेका घरात तीन-तीन माणसे याच आजाराने गेली. जवळजवळ निम्मे मृत्यू यानेच होत. इज्जेत्तिन बारिश या तुर्की डॉक्टरांनी १९७०च्या दशकात शोध घेतला, तेव्हा ज्या दगडातून घरे उभी केली होती आणि ज्याची धूळ गल्लीत उडत होती, त्या दगडातच अस्बेस्टॉससारखा एक तंतू सापडला. एरिओनाइट त्याचे नाव. नजर कुणाचीच नव्हती. अम्मींना हे सांगितले तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, “म्हणजे माझ्या चुंबळीतपण आहे?”

आहे. पण घाबरून जायचे नाही. रोज वीस वर्षे धूळ खाणे वेगळे आणि घरात दोरीचे एक वेटोळे असणे वेगळे. ती चुंबळ झटकायची नाही, जाळायची नाही, पाण्याने चिंब भिजवून दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधायची, असे मी सांगितले. त्यांना स्वतःला धाप, छातीत दुखणे असे काही झाले तर मात्र डॉक्टरांना नवऱ्याचे काम आठवणीने सांगायचे. कारण कामाचे कपडे धुणाऱ्या बायकांनाही हा आजार झालेला आहे. १९६५ साली लंडनमध्ये या आजाराच्या ७६ रुग्णांचा इतिहास तपासला. त्यातल्या नऊ जणांनी कारखान्यात कधी पाऊल टाकले नव्हते, त्यांच्या घरातले कुणीतरी अस्बेस्टॉसमध्ये काम करत होते. बहुतेक जणी बायका होत्या.

आता उपचार. घरात दोन भाऊ आहेत. मोठा पुण्याला कंपनीत, धाकटा दिग्रसला दुकान सांभाळतो. मोठ्याचे म्हणणे, मुंबईला नेऊ, ऑपरेशन करून सगळे काढून टाकू, लागले तर अर्णी रोडवरची तीन एकर विकू. धाकट्याचे म्हणणे, डॉक्टर सांगतात बरे होणार नाही, मग कशाला अब्बांचे हाल करायचे. बहीण दोघांच्या मध्ये. मी तिला म्हटले, प्रत्येक उपचारापुढे एकच प्रश्न ठेव: याने अब्बांचे नेमके काय होणार? आजार जाणार, दिवस वाढणार, की त्रास कमी होणार? या आजारात पहिले उत्तर जवळजवळ कधीच मिळत नाही. दुसरे काही प्रमाणात मिळते, आणि तिसरे जवळजवळ नेहमी मिळू शकते. आपण मात्र तिसऱ्याला उपचार समजतच नाही.

ऑपरेशन. हे ऐकायला सर्वात ठाम वाटते. पूर्वी अख्खे फुप्फुस पदरासकट काढत. ब्रिटनमध्ये त्याची पद्धतशीर परीक्षा झाली, २०११ मध्ये निकाल आले, फायदा दिसला नाही, उलट नुकसानच दिसले. मग फुप्फुस ठेवून फक्त पदर सोलून काढण्याची पद्धत आली. तिचीही परीक्षा झाली. ३३५ रुग्ण होते, निम्म्यांना किमोसोबत ऑपरेशन, निम्म्यांना नुसती किमो. २०२४ मध्ये निकाल छापून आला. नुसती किमो घेतलेल्यांचा जगण्याचा मधला आकडा २४.८ महिने, ऑपरेशनवाल्यांचा १९.३. मधला आकडा म्हणजे निम्मे लोक त्याहून जास्त जगले, निम्मे कमी. हे रुग्ण ऑपरेशन झेपेल असे निवडून घेतलेले होते, म्हणून हे महिने कुणी आपल्या अब्बांना जसेच्या तसे लावू नयेत. पण दिशा स्पष्ट आहे. एखाद्या निवडक रुग्णात मोठ्या केंद्रातले सर्जन आजही ऑपरेशनचा विचार करतात. पहिल्याच भेटीत “काढून टाकू, मोकळे होतील” असे जो म्हणेल, त्याच्याकडून मात्र उठून दुसऱ्याकडे जावे.

इथे एक अपवाद सांगितलाच पाहिजे. हाच आजार पोटातल्या पदरालाही होतो. तिथे सर्व गाठी काढून पोटातच गरम किमोचे औषध फिरवतात, आणि निवडक रुग्णांना त्यातून कित्येक वर्षे मिळालेली आहेत. कुणाचा रिपोर्ट पोटाचा असेल तर छातीचे नियम त्याला लावू नका.

किमो. पेमेट्रेक्सेड आणि सिसप्लॅटिन ही जोडी २००३ पासून या आजाराची मुख्य औषधे आहेत. त्या वर्षीच्या अभ्यासात एकट्या सिसप्लॅटिनवर मधला आकडा ९.३ महिने होता, जोडीवर १२.१. तीन महिन्यांचा फरक. पुण्याचा भाऊ म्हणाला, “बस, एवढंच?” एवढेच. पण त्या महिन्यांत धाप आणि दुखणेही बऱ्याच जणांचे कमी होते, हेही त्यात धरायचे. दर २१ दिवसांनी सलाईनमधून, चार ते सहा वेळा. ही औषधे आता भारतीय कंपन्या बनवतात, त्यामुळे ती आवाक्याबाहेरची राहिलेली नाहीत. मूत्रपिंड अशक्त असेल तर सिसप्लॅटिनऐवजी कार्बोप्लॅटिन देतात. सिस्टर म्हणून एक आग्रहाची गोष्ट: पेमेट्रेक्सेडच्या आठवडाभर आधीपासून फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आणि बी-१२ चे इंजेक्शन लागते. ते न दिल्यास तोंड येणे, पांढऱ्या पेशी घसरणे फार वाढते. कुणी सांगितले नाही तर तुम्ही विचारा. आणि किमो चालू असताना भरपूर पाणी प्यावे लागते, तेव्हा रोजा ठेवण्याचा हट्ट करू नये. आजाऱ्याला सवलत दिलेली आहेच, ती घ्यावी.

किमोला बेव्हॅसिझुमॅब जोडले तर थोडा आणखी फायदा दिसला आहे. रक्तदाब आणि रक्तस्रावाचा धोका पाहून डॉक्टर ते ठरवतात.

इम्युनोथेरपी. तीन एकरचा प्रश्न खरा इथे येतो. निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही दोन औषधे आपल्याच शरीरातल्या संरक्षक पेशींना कॅन्सरवर सोडतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात किमोवर मधला आकडा १४.१ महिने आला, या जोडीवर १८.१. तीन वर्षांनी किमोवाल्यांतले १५ टक्के हयात होते, या जोडीवाल्यांतले २३ टक्के. खर्च मात्र लाखांत, आणि तो महिनोन्महिने चालतो. आता रिपोर्टवरचा पहिला शब्द बघा. एपिथेलिऑइड हा त्यातल्या त्यात सौम्य प्रकार, दुसरा सार्कोमॅटॉइड, तिसरा मिश्र. ही औषधे सर्वांत मोठा फरक दाखवतात ती दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारात, तिथे ८.८ चे १८.१ झाले. अब्बांच्या प्रकारात १६.५ चे १८.७. मी पुण्याच्या भावाला फोनवरच सांगितले, या फरकासाठी मी माझ्या अम्मीचे घर विकले नसते. तुझा निर्णय वेगळा असू शकतो, तुझे अब्बा आहेत. पण शेत विकल्यावर धाकट्याचे घर कशावर चालणार, हे आधी कागदावर लिही. कर्जात बुडालेले घर म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायची गरज नाही.

तो चिडला नाही. “म्हणजे काहीच करायचं नाही?” एवढेच म्हणाला. तेव्हा मी त्याला विचारले, अब्बा आत्ता कसे झोपतात? त्याला माहीत नव्हते. बहिणीला माहीत होते. खाटेवर बसून, पुढे उशी घेऊन, तिच्यावर डोके टेकवून. तीन आठवडे झाले होते.

त्या माणसाला पहिला उपचार हवा होता तो पाण्याचा. सुईने पाणी काढले की त्याच संध्याकाळी आडवे होता येते. एका वेळी साधारण दीड लिटरच्या वर काढत नाहीत, कारण दबलेले फुप्फुस एकदम फुलले तर त्यालाच सूज येऊ शकते. मध्येच जोराचा खोकला किंवा छातीत ताण आला तर लगेच सांगायचे. पण नुसते काढले की काही दिवसांनी पुन्हा भरते. म्हणून दोन वाटा आहेत. एक, नळीतून आत निर्जंतुक टाल्क पावडर सोडून दोन्ही पदर एकमेकांना चिकटवून टाकायचे, म्हणजे पाण्याला जागाच राहत नाही. त्यासाठी फुप्फुस पुरते फुलायला हवे. दुसरी, कातडीखालून एक मऊ नळी कायमची बसवायची आणि घरीच एक दिवसाआड बाटलीत पाणी काढायचे. अब्बांचे फुप्फुस पदरात जखडले गेले होते, म्हणून डॉक्टरांनी नळी सुचवली. बहिणीने ते वॉर्डातल्या सिस्टरकडून शिकून घेतले. हात धुणे, झाकणाला हात न लावणे, ताप किंवा नळीभोवती लाली आली तर न थांबणे. तिची मोठी काळजी वेगळीच होती, वजूचे काय? पट्टीवरून ओला हात फिरवण्याची सोय जखमेसाठी आहेच. मस्जिदीतल्या मौलानांनीही तिला तेच सांगितले.

दुसरा उपचार दुखण्याचा. मेसोथेलिओमा बरगडीतल्या नसांपर्यंत जातो, आणि तिथले दुखणे साध्या गोळ्यांना ऐकत नाही. एका जागी फार दुखत असेल तर तेवढ्याच जागेला रेडिएशन देता येते. आणि मॉर्फिन. मॉर्फिनचे नाव निघाले तेव्हा घरातल्या एका बुजुर्गांनी हात वर केले, अफू आहे, हराम आहे. डॉक्टरांनी आजारासाठी लिहून दिलेले वेदनाशामक आणि नशेसाठी घेतलेली अफू, या दोन गोष्टी आपले उलेमा एका तराजूत तोलत नाहीत. मनात शंका असेल तर मौलानांना विचारा, पण विचारताना पूर्ण गोष्ट सांगा: डॉक्टरने दिले आहे, मोजून द्यायचे आहे, माणूस रात्रभर कण्हतो आहे. दुसरी भीती, मॉर्फिन दिले की माणूस लवकर जातो. वॉर्डात मी ते शेकडो वेळा दिले आहे. योग्य प्रमाणात दिलेले मॉर्फिन माणसाला झोपू देते. थोड्या प्रमाणात ते धापही कमी करते. त्याबरोबर पोट साफ राहण्याचे औषध पहिल्या दिवसापासून द्यायचे, नाहीतर बद्धकोष्ठाने नवाच त्रास सुरू होतो. २०१४ मध्ये कायदा बदलला, तेव्हापासून दवाखान्यांना हे औषध ठेवणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. जिथे नाही म्हणतील तिथे विचारा की मग कुठे मिळेल. आणि चेहऱ्यावर वारा येईल असा छोटा टेबलफॅन. हसू नका, धापेच्या रुग्णाला त्याचा खरोखर उपयोग होतो.

हे सारे कुठे होईल? छातीचा सीटी स्कॅन आणि पाण्याची तपासणी यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापासून सुरू करता येते. पुढे सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगी मेघे, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कॅन्सर संस्था. बरगडीतून कॅमेरा घालून पदराचा तुकडा घेतात, आणि त्या तुकड्यावर खास रंगांच्या चाचण्या करून मेसोथेलिओमा आहे की फुप्फुसाचा साधा कॅन्सर पदरावर पसरला आहे, हे ठरते. ती चाचणी झाल्याशिवाय किमो सुरू करू देऊ नका, कारण दोन्हींची औषधे वेगळी आहेत. मुंबईच्या टाटा रुग्णालयाचे मत हवे असेल तर आधी अब्बांना उचलून न्यायची गरज नाही. तुकड्याचा मेणाचा ब्लॉक, काचपट्ट्या आणि सीटीची सीडी घेऊन मुलाने जावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, त्यात किमो आणि रेडिएशन आहे. रेशनकार्ड आणि आधारवरचे नाव एकसारखे आहे ना, ते आज बघून ठेवा, आजारपणात नव्हे. महागडी इम्युनोथेरपी योजनेत बसेल असे गृहीत धरू नका, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला लेखी विचारा. कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वे आणि एसटी दोन्हींच्या भाड्यात सवलत आहे.

केसपेपरवर “काम: बॉयलर, अस्बेस्टॉस, वीस वर्षे” असे डॉक्टरांकडून लिहून घ्यायला मी सांगितले. मिल कधीच बंद पडली आहे, भरपाई मिळेलच असे नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात अस्बेस्टॉस कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा काम सुटल्यावर १५ वर्षे, यांतले जे नंतर येईल तोपर्यंत ठेवायला सांगितले होते. निकाल मोठ्या उद्योगांपुरता कागदावर राहिला. मुंबईतल्या एका अस्बेस्टॉस कारखान्यात कामगारांसाठी काम करणाऱ्या डॉक्टरांनी १८१ जणांना तपासले, तेव्हा ४१ जणांच्या फुप्फुसांत अस्बेस्टॉसचा आजार निघाला. तो अभ्यास २००५ मध्ये छापून आला. आपल्या तालुक्यातल्या जिनांत आणि तेलाच्या मिलमध्ये कुणी तपासायला गेलेच नाही. म्हणून पीएफची चिठ्ठी, ईएसआयचे कार्ड, हजेरीचा जुना कागद, जे सापडेल ते जपून ठेवा.

आणि आपल्या मुलांना सांगा. भंगाराचा धंदा आपल्यात पुष्कळ घरांत आहे. जुना बॉयलर, जुने पाइप तोडायला येतात, त्यावरचा पांढरा लेप कोरडा ठोकू नये. पाणी मारून ओला करावा, तोंडाला साधा रुमाल पुरत नाही, आणि ते कपडे घरात आणून झटकू नयेत. गॅरेजमध्ये ब्रेकच्या ड्रममध्ये कॉम्प्रेसरची हवा मारायची सवय सोडावी. मेकॅनिकांवर झालेल्या अभ्यासांत या आजाराचे प्रमाण ठळकपणे वाढलेले दिसलेले नाही, हे खरे आहे. तरी ओल्या फडक्याने पुसायला काय जाते? घरावरचे सिमेंटचे पत्रे शाबूत असतील तर राहू द्या, पण त्यांना ग्राइंडर लावू नका.

शेवटी राहिला तो सर्वात अवघड भाग. अब्बांना कुणी सांगितले नव्हते. भावांचे मत, कळले तर खचतील. मी म्हटले, त्यांच्यावर कुणाचे देणे असेल, कुणाची अमानत असेल, वसीयत करायची असेल, कुणाची माफी मागायची असेल, तर तो हक्क तुम्ही त्यांच्याकडून कशाच्या जोरावर काढून घेता? दोन दिवसांनी बहिणीने सांगितले. मग त्यांनीच माझ्याशी बोलायला फोन मागितला.

“सिस्टर, त्या दोरीनं झालं का?”

“बहुतेक त्याच दोरीनं, चाचा.”

“बॉयलरवर आम्ही चौघं होतो. दोघं दम्यानं गेले म्हणतात. एक अर्णीला आहे, त्यालाही खोकला आहे. त्याला सांगायला पाहिजे.”

नळी बसली. आता ते आडवे झोपतात. तीन एकर तूर्त विकायची नाही असे ठरले. किमोचा पहिला दिवस पुढच्या मंगळवारी सेवाग्रामला आहे, बी-१२ चे इंजेक्शन झाले. आणि परवा बहीण अब्बांना रिक्षात बसवून अर्णीला घेऊन गेली. तो माणूस दारातच बाजेवर बसला होता. एक्स-रेला उद्या नेतो, असे त्याचा मुलगा म्हणाला आहे. काढला का, ते मी या आठवड्यात विचारणार आहे.